मक्काबींची कादंबरी लिहिणारे हॉवर्ड फास्ट

हनुक्काच्या दिवसांत इस्राएलमधल्या एखाद्या जुन्या पुस्तकांच्या कपाटात हात घातला, तर 'आखाय, गिबोरे हातेहिला' हे पुस्तक हाती लागण्याचा संभव मोठा. मराठीत त्याला 'माझे कीर्तिवंत भाऊ' म्हणता येईल. मोदिइन गावचा वृद्ध कोहेन मत्तथ्या आणि त्याचे पाच मुलगे यांची ही गोष्ट. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी जणांनी ती लहान वयात वाचलेली असते. पुस्तक इतके इथल्या मातीतले वाटते, की ते मुळात हिब्रूत लिहिलेले नाही हे मुद्दाम सांगावे लागते. ते इंग्रजीत लिहिले गेले, न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या एका माणसाने, आणि छापून निघाले १९४८ साली, म्हणजे ज्या वर्षी इस्राएल राष्ट्र उभे राहिले त्याच वर्षी. त्या माणसाचे नाव हॉवर्ड फास्ट.

बेने इस्राएल वाचकाला या पुस्तकाकडे बघण्याचे आणखी एक कारण आहे. आपले पूर्वज अंतियोखस एपिफानेस राजाच्या छळाला कंटाळून देश सोडून निघाले, कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ त्यांचे गलबत फुटले, आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, ही कथा प्रत्येक घरात ठाऊक आहे. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत, ते असोत. पण कथेप्रमाणे पाहिले तर ज्या राजामुळे मक्काबींनी तलवार उचलली, त्याच राजामुळे आपली माणसे समुद्रात लोटली गेली. ती आधीच निघून गेली, म्हणूनच मंदिराच्या शुद्धीकरणाचा सण, हनुक्का, कोकणातल्या शनिवार तेल्यांना शेकडो वर्षे माहीत नव्हता, असे जुने लोक सांगत आले. म्हणजे हॉवर्ड फास्ट यांनी जे सांगितले, ते आपण निघून आल्यानंतर मागे घरी काय घडले त्याचे वर्तमान आहे. असे वर्तमान सांगणारा माणूस कोण होता, हे मुलांनी जाणून घ्यावे. त्याचे आयुष्य त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा कमी चढउतारांचे नाही, आणि त्यातले सगळेच काही कौतुकाचे नाही.

हॉवर्डचा जन्म ११ नोव्हेंबर १९१४ चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील बार्नी हे युक्रेनमधून आलेले यहूदी. मूळ आडनाव फास्टोव्स्की, ते अमेरिकेत उतरल्यावर 'फास्ट' एवढेच उरले. आई आयडा इंग्लंडहून आलेली. घर गरीब. हॉवर्ड आठ वर्षांचा असताना आई वारली. वडिलांना काम मिळे आणि सुटे, पुन्हा मिळे आणि पुन्हा सुटे. सर्वांत धाकट्या ज्यूलियसला नातेवाईकांकडे ठेवावे लागले. थोरला जेरोम आणि हॉवर्ड ही दोन पोरे पहाटे रस्त्यावर वर्तमानपत्रे विकू लागली. (धाकटा ज्यूलियसही पुढे लेखक झाला. माणसाचे शरीर न बोलता काय बोलते, यावरचे त्याचे 'बॉडी लँग्वेज' हे पुस्तक जगभर खपले.)

पुढे हॉवर्डला न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात किरकोळ काम मिळाले, आणि खरे शिक्षण तिथेच झाले. हायस्कूल संपले तेव्हा मंदीचे दिवस होते. काम शोधत मालगाड्यांवर चढून, रस्त्यावरच्या मोटारींना हात करून तो मुलगा दूरदूर हिंडला. पहिली कादंबरी 'टू व्हॅलीज' १९३३ साली निघाली तेव्हा त्याचे वय अठरा होते. १९३७ मध्ये बेट्टी कोहेन या चित्र-शिल्प करणाऱ्या मुलीशी लग्न झाले आणि ते सत्तावन्न वर्षे टिकले.

नाव झाले ते १९३९ च्या 'कन्सीव्ह्ड इन लिबर्टी'ने. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७७-७८ चा हिवाळा जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने व्हॅली फोर्ज येथे काढला. शाळेच्या पुस्तकात तो हिवाळा चित्रासारखा सुंदर असतो. फास्ट यांनी तो एका साध्या शिपायाच्या तोंडून सांगितला. पायात बूट नाहीत, पोटात अन्न नाही, पळून जावेसे वाटते, आणि कशासाठी लढतो आहोत तेही नीट उमगत नाही. इतिहास सेनापतीच्या तंबूतून न बघता शिपायाच्या शेकोटीपासून बघायचा, ही त्यांची रीत इथून पक्की झाली.

दोन वर्षांनी 'द लास्ट फ्रंटियर' आली. १८७८ साली शायेन जमातीचे सुमारे तीनशे लोक सरकारने नेमून दिलेली ओक्लाहोमाची रखरखीत जागा सोडून, बायकामुलांसह, शेकडो मैलांवरच्या आपल्या उत्तरेकडच्या घरी निघाले. हजारो सैनिक त्यांच्या पाठलागावर होते. घराकडे परत निघालेल्या लोकांची ही गोष्ट. हिचा एक विशेष मराठीच्या वर्गात सांगण्यासारखा आहे. लेखक एकदाही शायेन माणसाच्या मनात शिरत नाही. दिसते ते सगळे गोऱ्या शिपायांच्या, अधिकाऱ्यांच्या, बातमीदारांच्या डोळ्यांतून. ज्या लोकांची भाषा आपल्याला येत नाही, त्यांच्या मनात काय चालले होते ते आपण कोणत्या तोंडाने सांगणार? फास्ट यांनी त्यांना दुरून दाखवले, आणि म्हणूनच ते खरे वाटतात. ही कादंबरी त्यांच्या सगळ्या पुस्तकांत कदाचित सर्वांत नेटकी आहे. 'स्पार्टाकस'पेक्षाही.

मग एकामागून एक पुस्तके. १९४३ मध्ये 'सिटिझन टॉम पेन', चोळ्या-कॉर्सेट शिवणाऱ्या कारागिराची गोष्ट, ज्याच्या एका लहानशा पुस्तिकेने अमेरिकेला स्वातंत्र्याचा निश्चय करायला लावले. १९४४ मध्ये 'फ्रीडम रोड', गुलामगिरी संपल्यावर दक्षिण कॅरोलायनातल्या काळ्या शेतकऱ्यांनी काही वर्षे जे राज्य चालवून दाखवले आणि जे त्यांच्याकडून हिसकावले गेले, त्याची. युद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने त्यांना नभोवाणीचे लिखाण करायला बसवले. शत्रूने व्यापलेल्या युरोपात 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरून जे शब्द पोचत, त्यांतले पुष्कळ फास्ट यांचे असत.

त्याच काळात, १९४३ मध्ये, ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. हिटलरविरुद्ध सोव्हिएत फौजा लढत होत्या, आणि युरोपातले यहूदी मारले जात होते. त्या वर्षी ते पाऊल पुष्कळांना आजच्याइतके विचित्र वाटत नसे.

१९४५ साली युद्धवार्ताहर म्हणून फास्ट भारतात आले. मुंबईला किंवा कोकणात नव्हे, कलकत्त्याला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती आणि तिची सावली शहरावर अजून होती. धान्य होते, तरी माणसे का मेली, हा प्रश्न त्यांनी मनात धरून ठेवला, तो त्रेचाळीस वर्षे. १९८८ च्या 'द प्लेज' या कादंबरीत कलकत्त्याहून परतलेला एक अमेरिकन बातमीदार आहे. दुष्काळामागे राज्यकर्त्यांचा हात होता असे तो उघड म्हणतो आणि मायदेशी चौकशीच्या फेऱ्यात सापडतो. ही चौकशी लेखकाच्या स्वतःच्या अनुभवातली.

ती अशी झाली. स्पेनमध्ये फ्रँकोच्या विजयानंतर देशोधडीला लागलेल्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कमध्ये एक मदत समिती होती, तिच्या कार्यकारिणीवर फास्ट होते. १९४६ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने त्यांना बोलावले आणि मदत समितीचे दप्तर मागितले. पैसे कोणी दिले, मदत कोणाला मिळाली, ती नावे हवी होती. समितीच्या लोकांनी नावे द्यायला नकार दिला. देणगी देणाऱ्याचे नाव बाहेर आले की त्याची नोकरी जाणार, आणि मदत घेणाऱ्याचे नाव बाहेर आले तर स्पेनमधल्या त्याच्या नातेवाइकांचे काय होणार, हे त्यांना दिसत होते. 'काँग्रेसचा अवमान' हा गुन्हा ठरला. (काँग्रेस म्हणजे इथे अमेरिकेची संसद, भारतातला पक्ष नव्हे.) अपिले संपायला चार वर्षे लागली आणि १९५० मध्ये फास्ट तीन महिन्यांसाठी तुरुंगात गेले. दरम्यान १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने 'सिटिझन टॉम पेन' शाळांच्या वाचनालयांतून काढून टाकले होते. कारण म्हणून अश्लील मजकूर दाखवला गेला. खरे कारण काय, ते शाळेतल्या मुलांनाही कळले असेल.

या चार वर्षांत, म्हणजे खटला डोक्यावर टांगलेला असताना, त्यांनी मक्काबींची कादंबरी लिहिली.

गोष्ट सांगतो तो शिमोन, पाच भावांपैकी शेवटपर्यंत उरलेला. योहानान, यहूदा, एलाझार, योनाथान, सगळे गेलेले. म्हातारा शिमोन आठवतो ते लढाईआधी घर आठवतो. ताठ, कडक बाप. जैतुनाची झाडे. रूथ नावाची मुलगी, जिच्यावर त्याचाही जीव आहे आणि यहूदाचाही. यहूदा सगळ्यांचा लाडका, शूर, देखणा. शिमोन त्याचा हेवा करतो, आणि तो हेवा म्हातारपणीही लपवत नाही. या एका गोष्टीमुळे ही कादंबरी सणाच्या निबंधासारखी होत नाही. यहूदा मक्काबी कसा होता हे सांगायला त्याच्यावर जळणारा भाऊ निवडला आहे, त्यामुळे त्याने केलेली स्तुती पटते.

लढाई कशी होती, हेही फास्ट यांनी ओळखले. यूनानी फौजेजवळ घोडदळ, हत्ती, पगारी शिपाई. इकडे शेतकरी, धनुष्य, डोंगरातल्या अरुंद वाटा. पेरणीच्या वेळी माणसे घरी जात आणि पुन्हा जमत. मराठी वाचकाला हे वाचताना सह्याद्रीतल्या मावळ्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ती तुलना लेखकाची नाही, तसे त्याला ठाऊक असण्याचे कारणही नाही. पण डोंगरातली माणसे मोठ्या फौजेशी लढतात तेव्हा ती सगळीकडे साधारण अशीच लढतात. शेवटच्या भागात एक रोमन वकील, लेन्टुलस सिलानस, येतो आणि या लोकांविषयी रोमच्या सभेला अहवाल पाठवतो. हे विचित्र लोक आपण एकदा मिसरात गुलाम होतो ही गोष्ट अभिमानाने मुलांना सांगतात, हे त्याला कळतच नाही. दर पेसाहला हगादा वाचणाऱ्या घरात या पानांवर हसू येते. मग पुढे रोमने काय केले ते आठवते, आणि हसू थांबते.

पुस्तक यहूदी वाचकांनी डोक्यावर घेतले. पक्षाच्या वर्तुळात मात्र भुवया चढल्या. यात 'यहूदी राष्ट्रवाद' आहे, अशी टीका झाली. हे वर्ष नीट ध्यानात घ्यावे. मे १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने इस्राएलला लगेच मान्यता दिली होती. पण त्याच्या आधी, जानेवारीत, मॉस्कोच्या यिद्दिश रंगभूमीचा मोठा नट शलोमो मिखोएल्स मारला गेला होता, आणि तो अपघात म्हणून दाखवला गेला. नोव्हेंबरात यहूदी फॅसिस्टविरोधी समिती बरखास्त झाली. मग यिद्दिश लेखक एकेक करून दिसेनासे झाले. हाच मिखोएल्स १९४३ मध्ये कवी इत्सिक फेफरबरोबर अमेरिकेत आला होता आणि न्यूयॉर्कच्या यहूद्यांनी हजारोंनी जमून त्यांचे स्वागत केले होते. त्यामुळे ते कुठे गेले, हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये विचारला जाणे साहजिक होते.

फास्ट यांनी तो विचारला. १९४९ च्या एप्रिलमध्ये ते पॅरिसला शांतता परिषदेला गेले होते. तिथे सोव्हिएत लेखक संघाचे प्रमुख अलेक्सान्द्र फादेयेव यांना त्यांनी एकांतात गाठले आणि अमेरिकन पक्षातर्फे यहूदीद्वेषाचा प्रश्न काढला. फादेयेव यांनी उत्तर दिले, की सोव्हिएत संघात यहूदीद्वेष नाही. पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. फास्ट न्यूयॉर्कला परतले आणि गप्प राहिले.

पुढे तुरुंग. पश्चिम व्हर्जिनियातल्या मिल पॉइंट या तुरुंगाला भिंती नव्हत्या, हद्द दाखवणारे पांढरे खांब तेवढे होते. तिथे गरिबीमुळे गुन्ह्यात सापडलेली, लिहिता-वाचता न येणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली आणि त्यांच्या मनात रोमच्या गुलामांच्या बंडाची कादंबरी आकार घेऊ लागली. सुटून आल्यावर ती लिहून झाली. पण छापणार कोण? त्यांच्या नेहमीच्या प्रकाशनसंस्थेतल्या संपादकाला पुस्तक अतिशय आवडले होते, तरी संस्थेने नकार दिला. दुसरीने दिला, तिसरीने दिला. तुरुंगात जाऊन आलेल्या कम्युनिस्ट लेखकाचे पुस्तक काढून सरकारी रोष ओढवून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. शेवटी फास्ट दांपत्याने वाचकांना पत्रे लिहिली, आगाऊ पैसे मागितले आणि १९५१ मध्ये 'स्पार्टाकस' स्वतःच छापले. चार महिन्यांत सात आवृत्त्या निघाल्या. घर हेच गोदाम आणि घर हेच दुकान.

'स्पार्टाकस' पाहिलेले पुष्कळ असतात, वाचलेले थोडे. त्यांच्यासाठी सांगायचे, की कादंबरीत स्पार्टाकस आधीच मेलेला आहे. बंड मोडले आहे, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो गुलाम क्रूसावर टांगले आहेत, आणि त्या रस्त्याने श्रीमंत रोमन तरुण-तरुणी सहलीला निघाले आहेत. बंडाची गोष्ट आपल्याला बहुतेक जिंकलेल्यांच्या तोंडून कळते. शायेनांच्या वेळची तीच युक्ती, इथे जास्त पसरट. आणि एक पात्र असे, की जे यहूदी वाचकाच्या लक्षात राहते. स्पार्टाकसचा जिवलग साथी दावीद, यहूदियातून विकला गेलेला. तो क्रूसावर लटकत असताना त्याचे सगळे आयुष्य त्याच्या डोळ्यांपुढून जाते, आणि फास्ट यांनी त्या काही घटकांना पानेच्या पाने दिली आहेत. १९६० च्या चित्रपटात दावीद आहे, पण गर्दीतला एक. चित्रपट निघाला तो कर्क डग्लस या नटामुळे. तोही गरीब यहूदी निर्वासितांचाच मुलगा. त्याने पटकथेला डाल्टन ट्रम्बो या दुसऱ्या तुरुंगवास भोगलेल्या लेखकाचे नाव उघडपणे दिले, आणि हॉलिवूडची काळी यादी त्यानंतर फार टिकली नाही.

पण हे १९६० चे झाले. त्याआधीची वर्षे वाईट होती. पासपोर्ट नाकारलेला. पाळत. १९५३ मध्ये सेनेटर मॅकार्थीच्या समितीपुढे पुन्हा हजेरी, आणि परदेशांतल्या अमेरिकन सरकारी वाचनालयांतून पुस्तके बाहेर. त्याच वर्षाच्या शेवटी मॉस्कोने त्यांना स्टालिन शांतता पारितोषिक जाहीर केले. सोव्हिएत संघात त्यांची पुस्तके लाखांनी खपत होती.

१२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री मॉस्कोच्या तुरुंगात तेरा यहूद्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्यांत पेरेत्स मार्किश, दावीद बेर्गेल्सन, दावीद हॉफश्टाइन, इत्सिक फेफर आणि मुलांसाठी गाणी लिहिणारा लेइब क्वित्को हे यिद्दिश साहित्यिक होते. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. १९५५ च्या शरदात सोव्हिएत लेखक बोरिस पोलेवॉय न्यूयॉर्कला आला असता फास्ट यांनी त्याला क्वित्कोविषयी विचारले, कारण तो मारला गेला अशी कुजबुज होती. पोलेवॉयने सांगितले, की छे, क्वित्को माझ्याच इमारतीत राहतो, मजेत आहे, भाषांतर करतो आहे. फास्ट यांना हायसे वाटले. ते त्यांनी पुढे मित्रांनाही सांगितले. क्वित्कोला मरून तेव्हा तीन वर्षे झाली होती.

४ एप्रिल १९५६ रोजी वॉर्साच्या यिद्दिश वर्तमानपत्राने यिद्दिश लेखकांच्या संहाराची बातमी छापली. त्याच सुमारास क्रुश्चेवच्या गुप्त भाषणाचा मजकूर बाहेर आला. मे महिन्यात फादेयेव यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. फास्ट यांनी पक्ष सोडला आणि १ फेब्रुवारी १९५७ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ते जगाला कळले. त्याच वर्षी 'द नेकेड गॉड' हे पुस्तक लिहून त्यांनी पोलेवॉयचा प्रसंग छापला, फादेयेव यांचाही. मॉस्कोच्या मासिकांनी त्यांना पळपुटा ठरवले आणि दुकानांतून त्यांची पुस्तके नाहीशी झाली. म्हणजे चार वर्षांच्या आत दोन्ही महासत्तांनी एकाच लेखकाची पुस्तके फळीवरून उतरवली.

इथे वाचकाने फास्ट यांना सहज सोडू नये, आणि त्यांना फार कठोरपणे तोलूही नये. निर्वासितांची नावे वाचवण्यासाठी तुरुंगात जाणारा हा माणूस. पण क्वित्को, मार्किश, बेर्गेल्सन ही नावे मोठ्याने उच्चारण्याची वेळ आली, तेव्हा त्याने ती दबक्या आवाजात उच्चारली आणि मिळेल ते उत्तर घेतले. १९५२ च्या नोव्हेंबरात प्रागच्या खटल्यात चौदा आरोपींपैकी अकरा यहूदी होते. पाठोपाठ मॉस्कोत यहूदी डॉक्टरांवर विषप्रयोगाचा आरोप झाला. तेव्हाही फास्ट पक्षातच होते. का? एक कारण असे दिसते, की ज्यांनी त्यांच्यावर खटला भरला, पुस्तके काढली, पासपोर्ट अडवला, तेच लोक सोव्हिएत संघाविषयी खरे बोलत होते. आपला छळ करणाऱ्याच्या तोंडून आलेले सत्य मानायला फार जड जाते. दुसरे कारण मैत्रीचे. पक्षातले सोबतीच तेव्हा त्यांचे घरदार होते. आणि तरीही मोदिइनचा मत्तथ्या ज्याच्या लेखणीतून उतरला, त्याच्याकडून अधिक अपेक्षा होती. अमेरिकेतल्या पुष्कळ यहूदी वाचकांनी ती चूक त्यांना कधी माफ केली नाही.

त्यानंतरचे आयुष्य लांब, आणि तुलनेने सुखाचे. काळ्या यादीमुळे ई. व्ही. कनिंगहॅम या टोपणनावाने त्यांनी रहस्यकथा लिहायला सुरुवात केली आणि मग ते नाव गमतीखातर चालू ठेवले. त्यांतला मासाओ मासुतो हा बेव्हर्ली हिल्सचा जपानी वंशाचा पोलीस अधिकारी ध्यान करतो आणि गुलाब लावतो. १९६१ मध्ये 'एप्रिल मॉर्निंग' आली. लेक्सिंग्टनच्या पहिल्या चकमकीच्या दिवशी पंधरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांना त्याच्या डोळ्यांसमोर गोळी लागते, त्या एका दिवसाची गोष्ट. ज्या देशाच्या शाळांतून त्यांचे पुस्तक काढले होते, त्याच देशाच्या शाळांत हे पुस्तक अजून शिकवतात. यहूदी विषय सुटले नाहीतच. अग्रिप्पा राजाची मुलगी बेरेनिके, स्पेनचा तोर्केमादा, इजिप्तच्या राजवाड्यात वाढलेला मोशे, या सगळ्यांवर कादंबऱ्या झाल्या, आणि १९६८ मध्ये यहूदी लोकांचा एक सुटसुटीत इतिहासही. १९७७ च्या 'द इमिग्रंट्स'पासून सुरू झालेली सान फ्रान्सिस्कोच्या एका कुटुंबाची मालिका सर्वांत जास्त खपली. ती वाचताना वेळ छान जातो. 'द लास्ट फ्रंटियर'ची सर तिला नाही.

१९९० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी 'बीइंग रेड' हे आत्मचरित्र लिहिले. 'द नेकेड गॉड'मधला राग त्यात निवळलेला आहे. पक्षातले साधे कार्यकर्ते, पत्रके वाटणारे, मार खाणारे, त्यांच्याविषयी त्यांनी ममतेने लिहिले. पॅरिसमधली फादेयेव यांची भेट मात्र त्यांनी पुन्हा सांगितली. १९९४ मध्ये बेट्टी गेल्या. फास्ट लिहीत राहिले. शेवटची कादंबरी 'ग्रीनिच' २००० साली आली. १२ मार्च २००३ रोजी कनेक्टिकटमधल्या ओल्ड ग्रीनिच येथे, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते वारले.